शेळीचं अंडं

मु. पो. तुमच्या सासुरवाडीचं गाव,
ता. कवठे महांकाळ, जि. सांगली.
श्रावणातला पहिला रविवार, न्याहारीनंतर.

श्रीयुत नाथाजीदाजी, सरपंच, आमच्या सुलाआक्काचे यजमान आणि आमच्या घराण्याचे मानाचे पाहुणे, यांना धाकटा मेहुणा सुभेदार (निवृत्त) लालासाहेब याचा आधी कडक सॅल्यूट आणि मग वाकून नमस्कार. दोन्ही पाठोपाठ करताना गुडघा वाजला. तो आवाज पत्रातून ऐकू येत नाही म्हणून मुद्दाम कळवतो, आक्काला सांगा. तिचं पित्त कसं आहे? आणि तुमचा खोकला? माण तालुक्यातल्या त्या उघड्या वाऱ्यावर कानाला मफलर बांधल्याशिवाय फिरू नका, असं मी तुमच्या लग्नापासून सांगतोय. इकडं सगळं ठीक. आमचा पोरगा जयराज सीमेवर खुशाल आहे, सूनबाई रोज बेदाणा निवडायला शेडवर जाते, आमच्या कारभारणीची, अंबूबाईची, माझ्यावरची कुरकुर पूर्वीसारखीच जोमात आहे, म्हणजे तब्येत चांगली. शेळी गाभण आहे, आज व्याली की उद्या अशी.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना ह्या गड्याला पत्राची कुठनं हुक्की आली. हुक्की नाही दाजी, गृहपाठ आहे. ह्या वयात, गुडघे वाजत असताना आणि मिशांना कलप लावत असताना, मला गृहपाठ मिळालाय. तो ज्यांनी दिला त्या ताहेराबाई, आमच्या शाळेच्या शिक्षिका, नुकत्याच बदली होऊन तुमच्याच गावच्या शाळेत रुजू झाल्यात. म्हणजे सरळ सांगायचं तर आमच्या गावचा ऐवज तुमच्या घरात सापडलाय. दुसरं कुणी असतं तर मी ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन आलो असतो. पण तुम्ही पडलात पाहुणे. तुमच्या लग्नात फेटा बांधायला जरा उशीर झाला तर तुम्ही मांडवाच्या दारात रुसून उभे राहिला होता (विषय काढत नाही, नुसतं आठवलं), तेव्हापासून आम्ही तुमच्याशी जपूनच वागतो. म्हणून पत्रावर भागवतोय. बाईंनी सांगितलंय की बोलता तसंच लिहा, साहेबाला रिपोर्ट देता तसं लिहू नका. त्यामुळं कुठं जीभ सैल सुटली तर दोष बाईंचा.

तर मेहुणा म्हणून माझं पहिलं काम तुम्हाला सावध करणं. बाई दिसायला एवढ्याशा आहेत, आवाज मऊ, पायात साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. त्यावर जाऊ नका. माणूस खतरनाक आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष (बिनविरोध, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं), आणि शेजारचे तात्याबा, जे गावाचे माजी सरपंच आणि स्वतःच्या मते आजीसुद्धा, ते उपाध्यक्ष. आम्ही दोघं पहिल्यांदा शाळेच्या पाहणीला गेलो. पाहणी म्हणजे काय, ऐटीत खुर्चीवर बसायचं, चहा घ्यायचा, आणि ‘चांगलं चाललंय’ म्हणून उठायचं. बाई पोरांची नखं बघत होत्या. पोरांची रांग संपली आणि बाई सरळ आमच्यापुढं येऊन म्हणाल्या, हात पुढे. आणि दाजी, ज्यानं बर्फात चौकी सांभाळली त्या मी हात पुढे केले! तात्याबांनीही केले. त्यांच्या अंगठ्याच्या नखात तंबाखूचा चुना होता. बाई रागावल्या नाहीत, नुसतं ‘उद्या’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तात्याबा नखं कापून दाखवायला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, आपले आपण गेले. पोरगं शाळेत दिसलं नाही तर बाई त्याच्या घरी जातात, घरी नसलं तर रानात जातात. शाळेची टाकी रिकामी असली की टँकरवाल्याकडं अशा बघतात की तो आधी शाळेला पाणी सोडतो आणि मग गावाला. आता अशा माणसाला तुमच्यासारखा निवांत सरपंच कसा पुरा पडणार, ह्या काळजीनं मला झोप नाही.

पण खरं दुखणं पुढं आहे. आमची रेश्मा तुम्हाला माहीत आहे, जयराजची. घरात अशी बोलते की टीव्ही बंद करावा लागतो, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. दुकानात नाही, देवळात नाही, तुम्ही आणि आक्का आला होता तेव्हा तुमच्यापुढंही नाही. (तुम्ही म्हणाला होता, पोर मुकी हाय काय? त्या रात्री सूनबाई जेवली नाही. हेही नुसतं आठवलं.) पहिलीचं अख्खं वर्ष शाळेत तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तेव्हाचे गुरुजी दमले. लोकांनी नाना उपाय सांगितले, कुणी म्हणालं जिभेला मध लावा, कुणी म्हणालं दटावा. मी स्वतः एकदा परेडच्या आवाजात ‘नाव सांग!’ म्हणून ओरडलो. ती बोलली नाहीच, पण रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी दचकून आपापली नावं सांगितली.

मग ती दुसरीत गेली आणि वर्गावर ताहेराबाई आल्या. बाईंनी तिला ‘बोल’ म्हणून कधी म्हटलंच नाही. भिंतीवर पाळीव प्राण्यांचा तक्ता लावला आणि शांतपणे शिकवायला लागल्या, गाय दूध देते, कुत्रा घर राखतो, शेळी अंडी घालते. पोरं हसली. बाई म्हणाल्या, हसताय काय, मी बघितलंय, रेश्माच्या घरची शेळी रोज एक अंडं घालते आणि तेही चांगलं मोठं. आता रेश्मा म्हणजे शेळ्यांत वाढलेली पोर. तिच्या शेळीची भर वर्गात अशी बदनामी! ती आधी लालबुंद झाली, मग उभी राहिली, आणि सगळ्यांदेखत ओरडली, “न्हाई! शेळीला करडं हुत्यात!” बाई म्हणाल्या, असं व्हय? मला वाटलं अंडं. बरं झालं सांगितलंस. आणि मग शेळी कशी विते, करडू धडपडत कसं उभं राहतं, त्याला पहिलं दूध कसं पाजायचं, हे सगळं पोरीनं वर्गाला सांगितलं. त्या दिवसापासून बाई रोज एक चूक करायच्या. कधी आठवड्यात दोन सोमवार, कधी सांगलीला समुद्र. आणि रोज रेश्मा उठून ती दुरुस्त करायची. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. एकदा डेअरीला दूध घालायला निघालो होतो, तर शाळेच्या खिडकीतून आमच्या पोरीचा आवाज आला. बाईंना ठणकावून सांगत होती की सांगलीला समुद्र न्हाई, कृष्णा हाय. मी तिथंच किटली धरून उभा राहिलो. डेअरी बंद झाली, दूध परत घरी आणलं. बायकांना डोळ्याला लावायला पदर असतो दाजी, आपल्याला खांद्यावरचा टॉवेल, आणि तो दुधाच्या वासाचा.

अशा ह्या बाईंच्या बदलीचा कागद आला. बदली बाईंनीच मागितली होती. त्यांची आई तिकडं तुमच्या दहिवडीजवळ एकटी असते, डोळ्यांना कमी दिसतं, भाऊ मुंबईला. मी म्हटलं, आईंना इकडं आणा, आमची पुढची खोली देतो, भाड्याचं नाव काढू नका. बाई म्हणाल्या, सुभेदार, तिच्या कोंबड्या, तिचं बोरीचं झाड आणि रोज तिच्याशी भांडणारी शेजारीण, एवढं सगळं तुमच्या खोलीत मावायचं नाही. मी तातडीनं समितीची बैठक बोलावली. कागद सरकारी, तो फाडता येत नाही. पण पद्धत तर आपली आहे ना? लग्न ठरलेल्या पोरीला जसं घरोघर केळवण, तसं आमच्या गावात मास्तर किंवा बाई गाव सोडायला निघाल्या की घरोघर जेवण. जेवण न घेता शिक्षक गेला तर त्या घराचा अपमान होतो. मी फौजी डोकं चालवलं. दिवसाला एकच घर धरायचं, त्यातून सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी वगळायची, आणि गाव, वाड्या, मळे सगळे मोजायचे. बाई दिवाळीपर्यंत जेवतच राहतात! तोवर वरच्या साहेबांचं मन बदलतंच. बाईंना अडवलं असं कुणी म्हणायची सोय नाही, सगळं प्रेमानं. तात्याबांना डाव एवढा आवडला की त्यांनी माझी पाठ थोपटली आणि पहिलं जेवण आपल्या घरी लावलं. बाईही लगेच हो म्हणाल्या. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. त्यांनी फक्त एक अट घातली, ज्या घरी जेवायचं त्या घरचं पोर, त्याचं दप्तर आणि घरातली सगळी मोठी माणसं हजर पाहिजेत.

तात्याबांच्या घरी पुरणपोळीचा बेत. त्यांचा नातू वीरधवल पाढे असे म्हणतो की द्राक्षाचा लिलाव चाललाय असं वाटावं. बाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, मला पाव पोळी वाढ. त्यानं अर्धी वाढली. बाई म्हणाल्या, ही अर्धी झाली, पाव किती? त्यानं उरलेली अर्धीही वाढून टाकली. तात्याबा खवळले, “आरं पाव म्हंजी चौथाई, गाढवा!” बाई लगेच त्यांच्याकडं वळल्या, मग आजोबा, तुम्ही पाऊण वाढा. तात्याबांनी पोळीकडं बघितलं. मग छपराकडं बघितलं. मग माझ्याकडं, जणू पाऊण मी खिशात घेऊन आलोय. पुढं ताटातल्या सगळ्या पोळ्यांचे तुकडे झाले, तूप सगळ्यांच्या कोपरापर्यंत आलं, आणि आजोबा-नातू दोघांना गृहपाठ मिळाला. बाई मात्र पोटभर जेवून, सगळ्यांना ‘छान’ म्हणून निघून आल्या.

दुसऱ्या दिवशी अर्जुनाकडं. अर्जुना मेंढरं राखतो, आणि चारणीला बाहेर निघायचे दिवस आले की थोरल्या पोरीला शाळेतनं काढून बरोबर नेतो. त्याच्या बायकोनं बाजरीची भाकरी, ठेचा आणि घट्ट दही असं झकास पान वाढलं. बाई पानावर बसल्या, पण हात मांडीवरच. अर्जुना म्हणाला, “घ्या की बाई. भाकरी गार व्हायलीय.” बाई म्हणाल्या, होऊ दे, मला घाई नाही. थोरली उद्यापासून शाळेत येणार का, तेवढं ठरलं की जेवते. आवं, घरी आलेलं माणूस वाढल्या पानावरनं उपाशी उठलं तर अर्जुनानं गावात तोंड कसं दाखवायचं? त्यानं बायकोकडं बघितलं. ती बाईंच्या बाजूनं उभी. शेवटी त्यानं बिरोबाची आण घेतली की पोरगी आजीजवळ राहील आणि शाळा शिकेल. तेव्हा बाईंनी घास मोडला, ठेच्यानं नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि हसत हसत दुसरी भाकरी मागितली. ती पोरगी आजही शाळेत आहे. मी स्वतः दारातून डोकावून बघतो.

एवढ्यावर गावात धाक बसला. ज्यांच्या घरी उद्याचं जेवण ते आदल्या दिवसापासून पोरांना घेऊन बसायला लागले. शालूबाईनं स्वयंपाकापेक्षा जास्त वेळ पोराच्या कवितेला दिला. भाजी करपली, पण कविता अशी पाठ झाली की तिची म्हैससुद्धा त्या तालावर रवंथ करत होती, असं तिचा नवरा सांगतो. आम्ही बाईंना जेवायला घालून अडकवायला निघालो होतो, आणि बाईंनी जेवता जेवता अख्ख्या गावाला शाळेत बसवलं. मला डाव उलटल्याचं कळत होतं, पण सेनापतीनं असं बोलून दाखवायचं नसतं.

मग आमची पाळी. अंबूबाईनं शेंगदाण्याची आमटी आणि मासवडी केली होती. (तुम्हाला आवडते ती. तुम्ही आला होता तेव्हा केली नव्हती, कारण तुम्ही पोरीला मुकी म्हणाला होता.) घर आपलं म्हटल्यावर रेश्मा नुसती बडबडत होती. तिची मला काळजी नव्हती. बाई हात धुऊन माझ्याकडं वळल्या, सुभेदार, तुम्ही शेवटचं काय लिहिलंत? मी म्हटलं, सही. त्याच्या आधी? त्याच्या आधीची सही. बाई म्हणाल्या, आणि जयराजचा फोन येतो तेव्हा काय बोलता? मी म्हटलं, जेवलास का, ड्यूटी कशी आहे, ठेवतो. अंबूबाई आतनं ओरडली, “तेबी दोनदा न्हाई म्हनत!” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नात बाहेर बोलत नव्हती आणि आजोबा घरात बोलत नाहीत, घरातला रिवाजच दिसतो. एक लांब पत्र लिहा, ज्यात एकही हुकूम नसेल. जयराजला लिहा. मी ‘येस मॅडम’ म्हणून गेलो, सवय आहे ना. पण खरं सांगू का दाजी, जयराजला लिहायला बसलो की ‘चिरंजीव’ एवढं लिहून होतं आणि पुढं हात चालत नाही. म्हणून आधी सरावाला तुम्हाला लिहितोय. राग मानू नका, नेमबाजीच्या सरावाला आम्ही वाळूची पोतीच वापरायचो.

आता आमची मोहीम कशी संपली ते ऐका. आमच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी पोरांबरोबर घरोघर निरोप धाडला की उरलेल्या सगळ्या घरांनी शनिवारी दुपारी एकेक पदार्थ घेऊन शाळेच्या पटांगणात यावं. सगळ्यांची एकच पंगत, बाई प्रत्येक घरचा एक घास खाणार. पद्धत पाळली गेली, कुणाचा अपमान नाही, कुणाचं घर राहिलं नाही. आणि खरंच, बाई पदर खोचून सगळ्या पंगतीतून फिरल्या. कुणाची उसळ, कुणाचा खिचडा, कुणाची शेवयाची खीर. शनिवारचा उपास असलेल्यांनी शाबूवडे आणले होते, तेही सुटले नाहीत. प्रत्येकाचं पोर जवळ घेऊन त्याचं काय चांगलं आहे ते त्याच्या आईबापाला सांगितलं. ज्या पोराच्या नावानं घरात नुसता शिमगा असतो त्याचंही काहीतरी चांगलं बाईंना माहीत होतं! दिवाळीपर्यंत लढवायची मोहीम दुपारच्या चहाच्या आत खलास. तात्याबा माझ्या कानात म्हणाले, “सुबेदार, ह्या बाई तुमच्या फौजेत असत्या तर?” मी म्हटलं, तर मी सुभेदार झालो नसतो.

मग सत्कार. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा मी माझ्या हातानं बांधला (वेळेवर). आणि अध्यक्ष म्हणून भाषणाला उभा राहिलो. भाषण घरी म्हशीपुढं म्हणून पाठ केलं होतं. ‘आदरणीय बाई’ एवढं बोललो आणि घसा बंद. काही केल्या पुढचा शब्द येईना. सगळं गाव बघतंय, पहिल्या ओळीत रेश्मा बसलीय, टक लावून माझ्याकडं बघतेय, आणि तिच्याकडं बघता बघता मला कळलं की पहिलीच्या वर्गात वर्षभर ह्या पोरीला कसं झालं असेल. शब्द सगळे आत असतात दाजी, पण बाहेर येत नाहीत. आणि त्या वेळी मी तिच्यावर ओरडलो होतो. तेवढ्यात बाई उठल्या, माइक आपल्याकडं ओढला आणि म्हणाल्या, सुभेदारांची ओळख मीच करून देते. लालासाहेबांनी सारी नोकरी नौदलात काढली. जहाजावर. तिथं त्यांनी लय मोठमोठे मासे बघितले. आवं दाजी, ज्या तालुक्यात टँकरची वाट बघण्यात जन्म जातो तिथला मी, आणि जहाजावर? मी माइक हिसकावला. “नौदल न्हाई बाई, पायदळ! पायानं चाललोय मी, पायानं!” आणि मग जो सुटलो! चौकीवरचा बर्फ, आमचे जवान, बाईंनी कापायला लावलेली नखं, सांगलीचा समुद्र, शेळीचं अंडं, सगळं बोललो, पाठ केलेलं एक अक्षर न बोलता. बाई, तुम्ही आमच्या घरात आवाज आणलात, असंही म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसलो तेव्हा रेश्मा तोंडावर हात ठेवून हसत होती. अख्ख्या पटांगणात बाईंनी काय केलं ते तिला एकटीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सजवलेल्या ट्रॅक्टरवरनं, हलगी लावून बाईंना एसटीच्या थांब्यावर न्यायचं ठरलं होतं. तात्याबांनी मधेच ट्रॅक्टर बंद पाडला. मुद्दाम. म्हणाले, डिझेल संपलं, आता गाडी चुकणार. बाई खाली उतरल्या आणि चालत निघाल्या. हलगीवाला मागं, त्याच्या मागं गाव, सगळ्यांत शेवटी तात्याबा, खाली मान घालून. गाडी वेळेवर आली. एरवी कधी येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. बाई गेल्या आणि रेश्मा शाळेत परत गप्प झालीय. नवे गुरुजी आलेत, भला माणूस आहे, त्यांचा काही दोष नाही. पण पोर नुसती खिडकीतून रस्त्याकडं बघत बसते. मी म्हटलं, बाईंचाच डाव आपण खेळू. शाळेच्या दारात, सगळ्यांदेखत तिला म्हणालो, रेश्मा, कोंबडीला चार पाय असतात. तिनं माझ्याकडं बघितलं, काही न बोलता आत गेली, आणि घरी आल्यावर आजीला म्हणाली, आजोबाचा चष्मा बदला. तिला वाटलं मला खरंच तसं वाटतं! बाईंसारखी चूक करायला आधी पोराच्या मनातलं सगळं बरोबर कळावं लागतं, ते माझ्या बाचं काम नाही. मला त्या पोरीची लय काळजी लागलीय, दाजी. तेव्हा तुम्ही सरपंच आहात, तालुक्याला एक जोरदार अर्ज करा की ह्या बाई आम्हाला झेपत नाहीत, ताबडतोब परत पाठवा. खोटं काही लिहू नका. मोठ्या माणसांची नखं बघतात, पोरानं शाळा चुकवली की रानात शोधायला जातात, पानावर बसून शपथा घ्यायला लावतात, हे सगळं खरंच आहे, फक्त तक्रारीच्या सुरात लिहा. एवढं काम केलंत तर पुढच्या लग्नात तुमचा फेटा सगळ्यांच्या आधी बांधून घेईन, नवऱ्याच्यासुद्धा आधी.

आक्काला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. मफलर बांधा.

तुमचा मेहुणा,
लालासाहेब

ता. क. पत्र अंबूबाईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, मधे मधे हसतही होती. अर्जाचं आलं तसा तिचा हात थांबला. म्हणाली, “तुमची आई गेली तवा तुमास्नी सुट्टी गावली न्हवती. हिकडं ती शेवटपातूर दाराकडं बघत हुती. ह्या बाईला आईजवळ ऱ्हायला गावलंय, आन तुमी ते मोडायला निघालाय व्हय?” मी उठून गोठ्यात जाऊन बसलो. तर दाजी, अर्ज करू नका. तुम्ही फार चपळ, वाचता वाचताच लिहायला घेतला असेल तर चुलीत घाला. बाई तिकडंच राहू देत. त्यांच्या आईला माझा नमस्कार सांगा.

ता. क. दुसरा. बाईंना जपा. चहात साखर कमी. टँकर आधी शाळेला. डीजे लावून सत्कार करायच्या भानगडीत पडू नका, सत्कार करायचाच तर पोरं रोज वेळेवर पाठवा, हीच त्यांची शाल आणि हेच श्रीफळ. तुमची नखं कापा. आणि हे पत्र बाईंना दाखवू नका. (तुम्ही दाखवणारच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर म्हणावं, सुभेदारांनी मुद्दाम केल्यात.)

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच शेळी व्याली. दोन करडं, एक काळं आणि एक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं बांडं. ती धावपळ उरकून येतो तर रेश्मानं पत्र ओढून घेऊन खाली स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेलं. तसंच राहू देतो:

बाई आमच्या शेळीनं दोन अंडी घातली. एक काळं आन एक बांडं. रेश्मा.

मी म्हटलं, अगं हे काय लिहिलंस, करडं म्हण की. तर म्हणाली, “मला म्हाईत हाय, आजोबा. पर बाईस्नी चुकीचं बघवत न्हाई. त्या सांगायला येत्यात.”

दाजी, बाकीचं पत्र हरवलं तरी चालेल. एवढी ओळ बाईंना दाखवा, आणि सुट्टीच्या एखाद्या दिवशी त्यांना आमच्याकडं येणाऱ्या एसटीत बसवून द्या. थांब्यावर आम्ही दोघं उभे राहतो, करडं घेऊन.